कानबाई काही बोलली नाही

नाव माझं इंदूबाई, पण इथं नवागामात मला सगळे मंगलाची आई म्हणतात, तुम्हीपण तेच म्हणा. माहेर माझं शिरपूरकडचं, तापीच्या काठावर, सासरपण त्याच काठाला, जरा वरच्या अंगाला, आणि लग्न होऊन सुरतेला आले तर इथंपण तापीच, म्हणून आई म्हणायची रडू नको पोरी, नदी तर आपलीच से. मी तुमच्याशी मराठीत बोलते, शाळेत गेलेली आहे ना थोडी, पण राग आला किंवा रडू आलं की अहिराणी निघते तोंडातून, ते तसंच लिहून घ्या ताई, सुधारू नका.

तर इथं आम्हाला आणलं ते माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, आत्मारामनं. सख्खे नाही, चुलत, पण एकाच भाऊकीतले, एका ताटात जेवलेले. जेठाला अरेतुरे करू नये, तोंडावर मी अहो-जाहोच करते, डोक्यावरचा पदर अजून खाली येऊ देत नाही, पण तुमच्यासमोर मी त्याला तो म्हणणार, मला तेवढं म्हणू द्या. आणि हेपण लिहा की तेव्हा तो चांगला होता. उधन्याला गाडीतून उतरलो तेव्हा स्टेशनवर घ्यायला आला होता, खोली बघून ठेवलेली, चूल पेटेपर्यंत त्याच्याच घरून भाकरी आल्या, सरूबाईनं, म्हणजे माझ्या जेठाणीनं, स्वतःची चादर काढून दिली मला. मिलमध्ये लावलं ते त्यानंच. कापड रंगवायची मिल, पांडेसऱ्याकडं, तो तिथं रंगखात्यात मास्टर होता आणि मंगलाचे पप्पा त्याच्या हाताखाली मशीनवर. वाईट माणूस सुरुवातीपासून वाईट असता तर किती सोपं झालं असतं, मी त्याच्या घरचं पाणीपण प्याले नसते.

आता कानबाईचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. तुमच्याकडं नसते ती, आमच्या खान्देशातली. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, चौरंगावर बसवायची, केळीचे खांब, आणि त्या दिवशी गहू दळून रोट करायचे. त्या गव्हात घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ घालतात, हा आजा, हा बाप, हा पाळण्यातला, नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. तो रोट फक्त भाऊकीनं खायचा, परक्याला द्यायचा नाही, लेकीलापण लग्न झालं की नाही. सोमवारी सकाळी देवी उठवायची, वाजतगाजत तापीवर न्यायची. आणि उठवताना कुणाकुणाच्या अंगात येते. आमच्यात माझ्या यायची. लग्नाच्या पहिल्याच साली आली, मी नवी नवरी, मला तर काही कळलंच नाही, पायाच्या तळव्यापासून गरम गरम वर चढलं आणि मग डोळे उघडले तर सगळ्या बाया माझ्या पाया पडून राहिल्या होत्या. काय बोलले ते मला आजपर्यंत माहीत नाही. बाया सांगायच्या, तू हे सांगितलं, ते सांगितलं, हरवलेला बैल कुठं ते सांगितलं. मी सांगितलं तर सगळी भाऊकी मान डोलवायची. मी म्हणजे मी नाही, ती.

मंगलाचे पप्पा आधी प्यायचे. खोटं कशाला बोलू. गुजरातेत दारूबंदी, पण पिणाऱ्याला काय, गल्लीत मिळायची पोटलीतली. मग एका सालाला देवी माझ्या अंगात आली आणि म्हणे त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, बोलली काहीच नाही, नुसती बघत राहिली. त्यांनी तिथंच गळ्याला हात लावून शपथ घेतली, आणि ताई, माणूस शपथ घेतो आणि मोडतो, मी बघितलेत किती, पण यांनी नाही मोडली. सणाला नाही, कुणाच्या लग्नात नाही. मिलमधून आले की मंगलाला खांद्यावर घेऊन खाडीपर्यंत जायचे, खाडीचं पाणी मिलच्या रंगानं रोज वेगळं दिसतं ना, आज कोणता रंग आहे ते बापलेक बघून यायचे आणि मला सांगायचे. ते आमचे चांगले दिवस.

मंगलाचे पप्पा गेले ते प्लेगच्या आदल्या साली, उन्हाळ्यात. ते मशीन कसं असतं ते सांगते, मी काही आत जाऊन पाहिलेलं नाही, त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मोठा बंद पिंप असतो, आत कापड उकळतं, वाफ दाबून धरलेली. वाफ उतरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, लहान पोराला सांगावं तसं सगळ्यांना सांगितलेलं असतं. त्या दिवशी सेठला माल जायची घाई, आत्माराम मास्टर तिथंच उभा, म्हणाला खोल. हे म्हणाले वाफ उतरू द्या. तो म्हणाला मी सांगी राहिनू ना, खोल. मोठा भाऊ सांगतोय, मास्टर सांगतोय, ज्यानं सुरतेला आणलं तो सांगतोय. यांनी खोललं.

सरकारी दवाखान्यात केळीच्या पानावर ठेवलेले त्यांना. चेहरा वाचला होता, छातीपासून खाली काही बघायचं राहिलं नव्हतं. पोलीस आला, त्यानं कागद काढला आणि मला विचारलं, पीधेलो हतो के? मी म्हटलं काय? तर तो म्हणे तुमच्याच घरच्या मास्टरनं लिहून दिलं आहे, हा पिऊन कामावर आला, सांगूनपण ऐकलं नाही, झाकण उघडलं. यांनी ऐकलं ते. डोळे मिटलेले होते पण ऐकलं. पोलीस गेल्यावर मला म्हणाले, मी पेयेल नव्हतू. आत्मारामनी सांगं खोल, मी खोलं. तू सांगजो सगळास्ले, मी पेयेल नव्हतू. पाणी नाही मागितलं, मंगलाला आणा नाही म्हटलं, तेच तेच बोलत राहिले, मी पेयेल नव्हतू. तेवढंच बोलत गेले.

मी सांगितलं. दहाव्याला सांगितलं, गावाकडं जाऊन सांगितलं, मिलच्या गेटवर उभी राहून सांगितलं. बाजूच्या मशीनवर एक उडिया कारागीर होता, त्यानं पाहिलेलं, पण तो तिकीट काढून मुलखाला गेला तो आला नाही. आणि नवऱ्याच्या बाजूनं बाई बोलणारच, असं लोक म्हणाले. पण तेवढ्यावर थांबले असते तरी मी सहन केलं असतं. भाऊकीत काय बोललं जायला लागलं माहीत आहे? कानबाईची शपथ मोडली, म्हणून कानबाईनं नेलं. म्हणजे बघा व माय! ज्यानं शपथ पाळली त्याला देवीची शिक्षा झाली, आणि ज्यानं खोटं लिहून दिलं त्याच्या घरी पुढच्या श्रावणात तीच देवी बसली.

त्या साली गहू निवडायला मी गेले. एका कोपऱ्यात बसले. सरूबाई नावं घेत मुठी घालत होती, यांच्या नावापाशी आली आणि हात थांबला तिचा, मग पुढच्याचं नाव घेतलं. मेलेल्या माणसाच्या नावाची मूठ घालत नाहीत, रीतच आहे, तिचा काही दोष नाही. मला मुलगा नाही. म्हणजे आमच्या घरची मूठच बंद. सोमवारी देवी उठवली, ढोल वाजला, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होते ताई, आतून ओरडत होते, ये, ये, आता तू बोल, माझं कुणी ऐकत नाही तू बोल. माझे तळवे गारच राहिले. ती आली नाही.

मग प्लेग आला. अर्धी सुरत पळाली, आम्हीपण गावाकडं गेलो, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, तोंडाला फडकी बांधलेली. मला वाटलं आता देवी हिशेब करेल. तर काय, आमच्या भाऊकीत कुणाला साधा तापपण आला नाही, आणि सगळ्यांत आधी परत गेला तो आत्माराम. मिलमध्ये माणसं नव्हती, मास्टर नव्हते, सेठ त्याच्यावर खूश, सगळं खातं त्याच्या हातात दिलं. वर्षाच्या आत डिंडोलीकडं घर बांधलं, दोन मजली, गच्चीवर तुळस. लोक म्हणायचे कानबाई पावली त्याला. आणि मी लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसलेली, मंगला बाजूला अभ्यास करत, आणि शेजारणीच्या घरी कुकरची शिट्टी झाली की माझी सुई बोटात जायची. मी अजून कुकर ठेवत नाही घरात. भात पातेल्यात करते, झाकण न ठेवता. मंगला हसते, म्हणते मम्मी, गॅस केटलो जाय छे. जाऊ दे. झाकणाखाली वाफ कोंडली की मला ते बोलताना ऐकू येतात, तेच, मी पेयेल नव्हतू, आणि मग ते दिवसभर थांबत नाही. कुणाला सांगितलं तर म्हणतील बाईला लागीर झालं, म्हणून सांगत नाही.

शेजारी काशी राहते, आमच्याच भाऊकीतली, चांगली बाई, तोंडाळ आहे पण जीव लावते. ती मला म्हणाली, अगं येडी, देवी येत नही ते नही येऊ दे, तू केस सोड, घुम, आणि बोली टाक सगळं. कोण ईचारणार से? तुझं बोलणं कुणी ऐकत नाही, तिचं सगळे ऐकतात. मी म्हटलं चूप बस. पण ताई, ते डोक्यात शिरलं ते शिरलंच. फॉल लावताना मी मनात वाक्यं जुळवायचे, देवी कशी बोलेल, आवाज कसा काढायचा.

पुढच्या श्रावणात देवी बसली त्या नव्या घरात. सगळी भाऊकी आलेली, गावाकडची पण. मला आणायला त्यानं गाडी पाठवली, सरूबाईचा निरोप, तू नाही आलीस तर देवी उठणार नाही. सोमवारी सकाळी ढोल वाजला, बायांनी फुगड्या धरल्या, आणि माझे गुडघे कापायला लागले. काशी मागून ओरडली, उनी व माय, उनी! म्हणजे देवी आली. कुणी माझे केस सोडले, कुणी हळदकुंकू टाकलं, गोल झाला माझ्याभोवती. पण ती नव्हती. ती येते तेव्हा मला काही कळत नाही, आणि त्या दिवशी मला सगळं कळत होतं, नवी फरशी पायाला गार लागत होती ते कळत होतं, ढोलवाल्याचा ताल चुकला ते कळत होतं. तो माझाच राग होता, माझंच अंग कापत होतं.

रीत अशी की घरच्या कर्त्यानं पुढं येऊन विचारायचं. आत्माराम आला, माझ्या पायावर डोकं ठेवलं, म्हणाला माय, काही चुकनं व्हई ते सांग. जेठ माझ्या पायावर. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, जुळवून ठेवलेलं. एक वाक्य बोलले असते तर त्याला त्याच्या घरात कुणी उभं केलं नसतं, त्याच्या पोरांनी त्याच्या ताटाला हात लावला नसता. आणि मंगलाच्या बापाचं नाव तिथल्या तिथं धुतलं गेलं असतं. मला दुसरं काय पाहिजे होतं?

मी नाही बोलले. तोंड इतकं घट्ट मिटलं की दुसऱ्या दिवशी जबडा दुखत होता. काशीनं नंतर मला किती शिव्या दिल्या, पण मी तिला काय सांगू, त्यानं मेलेल्या माणसाच्या तोंडात दारू घातली, मग मी देवीच्या तोंडात माझं बोलणं घालू? तो खोटं लिहून मोठा झाला, मी खोटं घुमून माझ्या माणसाला खरा करू? ज्या देवीची शपथ त्यांनी शेवटपर्यंत पाळली तिचं सोंग त्यांच्याच बायकोनं घ्यायचं, हे मला जमलं नाही. मी लई रडले नंतर. आपण चूक केली असंपण वाटलं, अजून कधी कधी वाटतं.

पण एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. तो पायावर होता ना, त्याचे हात बर्फासारखे गार होते आणि मानेवर घाम. मला वाटायचं तो विसरला, म्हणून सुखात आहे. तो विसरला नव्हता. आणि मी बोलत नाही म्हणून तो उठेनाच. सगळे म्हणत होते, केवढी भक्ती आहे बघा आत्मारामची.

थोड्या दिवसांनी तो माझ्या खोलीवर आला, सकाळी, मंगला शाळेत गेलेली. चपला बाहेर काढल्या, आत येऊन उभाच राहिला. म्हणाला, मंगलानी माय, त्या दिनले कानबाई काही बोलनी नही. मी पदर पुढं घेतला, म्हटलं नाही बोलली. त्यानं विचारलं, तुले काही सांगं का तिनी? मी म्हटलं तिनं कशाला सांगायला पाहिजे, मला यांनी दवाखान्यातच सांगितलं. तेव्हा तो खाली बसला, जमिनीवर, पँट घातलेला एवढा मोठा मास्टर. म्हणाला मीच सांगं व्हतं त्याले खोल. मी घाबरी गयथू. मग पोलीस आला, सेठ बाजूला उभा, माझ्या तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघालं ते मागं कसं घेऊ. माफ करी दे.

मी म्हटलं, हे मला नका सांगू, मला माहीत आहे. रोट मोडायला सगळी भाऊकी बसते, तेव्हा सांगा. तुमची घाई होती ते नका सांगू, खोल म्हणालात ते पण नका सांगू, मला त्याच्याशी काही करायचं नाही. फक्त एवढं बोला की तो पेयेल नव्हता. एवढंच. मी माफ करते, तुमच्या पोराबाळांना आशीर्वाद देते. तो हो हो म्हणाला, डोळे पुसले, गेला.

पुढच्या साली रोट मोडायला बसला. माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. आणि म्हणाला, खा, खा रे सगळा, पोटभर खा. त्याच्या पुढच्या साली तेच. दर साली गाडी पाठवतो, दर साली माझ्याकडं बघतो, तोंड उघडतो, आणि खा म्हणतो. स्वतः खातो की नाही ते मी बघत असते, तुकडा मोडतो, हातात धरून बसतो, मग कुणाला कळू न देता बाजूच्या ताटात सरकवून देतो. आता त्याच्या धाकट्यानं बमरोलीला स्वतःचे लूम टाकलेत, घरात गाडी, सून शिकलेली. आणि मंगलाला बघायला येतात ते आधी हळूच विचारतात, पोरीचा बाप दारू पिऊन गेला ना? दोन ठिकाणं त्याच्यावरच मोडली. ती म्हणते मम्मी, छोड ने हवे. तिला बाप फक्त खांद्यावर घेऊन खाडीवर नेणारा आठवतो. मी कशी सोडू.

गेल्या थंडीत तो मिलमध्ये चालता चालता पडला. छातीत दुखलं. काशी पळत आली माझ्याकडं, हात जोडून वर बघत, बोलली ना कानबाई शेवटी! झाला ना न्याय! आणि काय सांगू तुम्हाला, मला आनंद व्हायला पाहिजे होता, एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं, पण आनंद काही झाला नाही. मी सुई तशीच टाकून दवाखान्यात गेले. सरूबाई माझ्या गळ्यात पडली, म्हणाली तुझ्यावर एवढं आलं आणि तरी तू आलीस, केवढं मन तुझं. मी मोठ्या मनाची नाही. मला एकच भीती होती, हा गेला तर ते वाक्य त्याच्याबरोबर जाईल. खरं सांगणारा जगात तो एकच उरला आहे. काचेतून बघितलं, नळ्या लावलेल्या, मी तिथंच बाकड्यावर बसून राहिले, सकाळचा डबा आला, संध्याकाळचा आला, मी उठले नाही.

वाचला तो. आता काठी घेऊन चालतो, बोलताना दम लागतो. परवाच निरोप आला, श्रावण लागला की गाडी येईल.

तुम्ही मघाशी विचारलं, देवीवर अजून भरवसा आहे का. आहे. माझ्या अंगात ती परत कधी आली नाही, येईल असंही वाटत नाही, पण ती बघते, एवढं मला कळतं, कारण मी समोर जाऊन बसले की त्याला घास जात नाही. लोक म्हणतात तिनं त्याला भरभरून दिलं. दिलं असेल. सगळ्या बाया चौरंगापुढं वाकून आपल्या नवऱ्याला, पोरांना आयुष्य मागतात. मी त्याला मागते. माय, त्याले आयुष्य दे, त्याना दम टिकाड, त्यानी जीभ धड ठेव. तो बोलना नही तोवर त्याले नेऊ नको.